गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ फावल्या वेळात करतोय : १४ हजार पुस्तकांची यादी नीट शोधता यावी म्हणून काय करू?

सांजपाळी

नमस्कार मंडळी,

पोटापाण्याला वेब डेव्हलपरचं काम करतो, बहुतेक रिॲक्ट आणि नोड. शनिवार-रविवार मिळून पाच-सहा तास काढून तालुक्यातल्या एका शासनमान्य 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ विनामूल्य करायला घेतलंय. सध्या हातात आहे ते असं :

पुस्तकं साधारण १४,२००. सन २००८ पर्यंतची दाखल नोंदवही तीन वर्ड फाइलींत टाइप केलेली आहे, दोन कृतिदेव आणि एक श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. पुढची यादी एक्सेलमध्ये, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेली आजची पद्धत), पण वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कीबोर्डांवरून भरलेली. रोजचं काम ग्रंथपाल ताई बघतात; विंडोजचा एक संगणक आणि त्यांचा फोन एवढंच साधन. मंडळाने खर्च मंजूर केलाय तो फक्त डोमेनच्या वार्षिक नूतनीकरणाचा.

वाचकांना हवंय ते थोडकंच : पुस्तक आहे का, कोणत्या कपाटात आहे, आणि वाचनालय उघडं कधी असतं.

माझे प्रश्न : १) वर्डप्रेस घ्यावं की स्थिर, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली, पानं? २) जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय बिघडतं? ३) मराठीत शोध घेताना नोंद असूनही सापडत नाही, हे नेमकं कशामुळे? ४) मी उद्या या कामातून बाहेर पडलो तर साइट चालू राहावी म्हणून आत्ताच काय करून ठेवू?

---

कोरा_कागद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : स्थिर पानं. वर्डप्रेस वाईट म्हणून नव्हे. त्याला पीएचपी, डेटाबेस आणि प्लगइन दर महिन्याला अद्ययावत ठेवणारा माणूस लागतो. तुम्ही सहा महिने बघितलं नाही तर एखाद्या जुन्या प्लगइनमधून कोणीतरी आत शिरतं आणि वाचनालयाच्या नावाखाली औषधांच्या जाहिराती दिसू लागतात. स्थिर पानांत फोडण्यासारखं काही नसतं.

मांडणी अशी करा. यादी एका गूगल शीटमध्ये. रकाने ठरलेले : दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, लेखकाचं दुसरं नाव, वाङ्मयप्रकार, प्रकाशक, वर्ष, कपाट, शेरा. ताई फक्त ही शीट भरतील. रोज रात्री गिटहब या कोड साठवायच्या सेवेवरचं ठरावीक वेळेचं काम शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) म्हणून उतरवून घेईल, पानं बांधेल आणि प्रसिद्ध करेल. ताईंना तुमच्या रेपॉझिटरीचं, म्हणजे कोडच्या साठ्याचं, तोंडही बघावं लागत नाही.

यात अडतं ते इथे :

दाखल क्रमांकाचा रकाना पहिल्या दिवशीच 'साधा मजकूर' करून ठेवा. नाहीतर ००१२३ चा १२३ होतो आणि संचातल्या पुस्तकाला दिलेला ३-४ हा क्रमांक थेट तारीख बनून बसतो. तारीख झालेला आकडा मागे फिरवता येत नाही. नोंदवही उघडूनच दुरुस्त करावा लागतो.

एक्सेलमधली यादी शीटमध्ये नेताना नुसत्या 'सीएसव्ही' पर्यायाने जतन करू नका. त्या पर्यायात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात आणि मूळ अक्षरं कायमची जातात. मूळ एक्सेल फाइलच शीटवर चढवा. उलट बाजूने, बाइट-क्रम खूण (फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) नसलेली यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) सीएसव्ही एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडली की अक्षरांचा चिवडा दिसतो. तिथे डेटा बिघडलेला नसतो, एक्सेलने वाचायला चूक केलेली असते. पण तो चिवडा बघून कोणी 'जतन करा' दाबलं तर मात्र खरोखर बिघडतो.

रात्री २ वाजता काम चालवायचं असेल तर वेळापत्रकात २०:३० लिहा. ते घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचं आहे आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. आणखी एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते : सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर गिटहब ठरावीक वेळेची कामं आपणहून बंद करतं. उन्हाळ्यात नवी खरेदी नसते, शीट बदलत नाही, आणि जूनमध्ये नवी पुस्तकं भरली तरी साइटवर येत नाहीत. उपाय सोपा आहे. उतरवलेली सीएसव्ही रेपॉझिटरीतच जतन करायची, म्हणजे रोजचा इतिहासही राहतो. आणि शीट बदललेली नसली तरी दर महिन्याच्या १ तारखेला एका छोट्या फाइलीत तारीख लिहून ती जतन करायची.

प्रसिद्ध करण्याआधी दोन तपासण्या घाला. आजच्या ओळी कालच्यापेक्षा ५० हून जास्त कमी असतील तर काम थांबवून मेल पाठवायचा. दाखल क्रमांक दोनदा आला असेल तरी थांबायचं. फोनवरून शीट हाताळताना चुकून शंभर ओळी पुसल्या जाणं अगदी सहज घडतं.

आणि सभासदांची माहिती त्याच शीटच्या दुसऱ्या टॅबवर ठेवू नका. 'वेबवर प्रकाशित करा' मध्ये एकच टॅब निवडता येतो हे खरं, पण कोणीतरी पुढे 'संपूर्ण दस्तऐवज' निवडतो आणि सगळ्यांचे फोन नंबर उघड्यावर पडतात. फाइलच वेगळी ठेवा.

प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र पान करायचा मोह होईल. क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंग सेवेच्या मोफत योजनेत एका साइटला २०,००० फाइलींची मर्यादा आहे; १४,२०० पानं आणि मुखपृष्ठांची चित्रं मिळून ती सहज ओलांडाल. गिटहब पेजेसवर प्रसिद्ध साइटचा आकार १ जीबीच्या आत हवा. लेखकवार पानं आणि एक शोधपेटी पुरेशी आहे.

---

जोडाक्षर

दुसरा आणि तिसरा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून दोन्ही एकत्र घेतो. तुमचा बराचसा वेळ इथे जाऊ द्या, पानांच्या रंगरूपावर नको.

कृतिदेवमधला मजकूर देवनागरी नसतोच. 'मराठी' हा शब्द त्या फाइलीत ई, जे, के, मोठा बी, एच अशा इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्टने त्या अक्षरांना म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी चित्रं दिलेली असतात, एवढंच. फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. म्हणून परिवर्तकाला दोन कामं करावी लागतात. पहिलं, चित्राऐवजी खरं अक्षर. दुसरं, क्रम बदलणं, कारण जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने टाइप होतात. 'किताब' मध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर. 'सूर्य' मध्ये रफार य च्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो : आधी क मग वेलांटी, आधी र् मग य.

मोफत परिवर्तक साधे शब्द ठीक करतात, आणि चुकतात ते नेमके इथे : जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी ('स्थिती', 'भक्तिमार्ग'), रफारासोबत मात्रा किंवा अनुस्वार ('सर्वांचे', 'मार्गे'), आणि कंसातला मजकूर, कारण कंस आणि अवतरणचिन्हांच्या जागी त्या फॉन्टात भलतीच अर्धी अक्षरं बसवलेली असतात. वर्डमध्ये एकाच ओळीत इंग्रजी शब्दाला वेगळा फॉन्ट दिलेला असेल तर मजकूर कॉपी करताना तो भेद पुसला जातो आणि इंग्रजी प्रकाशकाचं नावही 'देवनागरी' होऊन बाहेर पडतं. म्हणून कॉपी-पेस्ट टाळा. डॉकएक्स फाइल म्हणजे आतून एक झिप असते. तिच्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला फॉन्टचं नाव जोडलेलं असतं. ते वाचून फक्त कृतिदेवचे तुकडे परिवर्तकाकडे द्या. श्रीलिपीच्या वेगवेगळ्या फॉन्टमालिकांचे संकेत एकसारखे नाहीत, त्यामुळे तिथे आधी फॉन्टचं पूर्ण नाव बघा आणि मगच परिवर्तक निवडा.

आता शोध. नोंद समोर दिसते आणि शोधात सापडत नाही, याचं कारण बहुधा हे : डोळ्याला सारखं दिसणारं अक्षर आतून दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन शब्द बघा. पडद्यावर एकच. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड क्रमांक यू+०९३१, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, यू+२००डी. संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द. चोऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर, सगळीकडे हाच घोळ.

'ॲ' आणि 'अॅ' तसेच. पहिलं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, यू+०९७२. त्याआधी लोक अ ला चंद्र जोडत, अजूनही जोडतात. 'ऑ' ऐवजी आ आणि चंद्र असाही प्रकार सापडेल. 'दुःख' मध्ये विसर्ग आहे, 'दु:ख' मध्ये साधा अपूर्णविराम. मराठी टंकलेखनात हा दुसरा प्रकार सर्रास आढळतो.

युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, लावून हे सुटेल असं वाटतं, पण ते अर्धंच सुटतं. र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वेगळे आले तर एनएफसी त्यांचा ऱ करतं. न दिसणारा जोडक ते काढत नाही, अ आणि चंद्र यांचा ॲ करत नाही, आणि अपूर्णविरामाला हातही लावत नाही. ते नियम आपणच लिहायचे.

मी सुचवतो ते असं : प्रत्येक शीर्षकापासून आणि लेखकाच्या नावापासून एक शोधकिल्ली तयार करा, आणि वाचकाने टाइप केलेल्या शब्दालाही त्याच गाळणीतून न्या. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी एनएफसी. मग न दिसणारे यू+२००सी (विभाजक) आणि यू+२००डी (जोडक) काढा. ऱ चा र, नुक्ते काढा. अ-चंद्राचा ॲ, आ-चंद्राचा ऑ. दोन अक्षरांमध्ये आलेला अपूर्णविराम म्हणजे विसर्ग धरा, आणि मग विसर्ग काढूनच टाका. इंग्रजी आकडे देवनागरी करा. त्यानंतर परसवर्ण, म्हणजे अनुस्वाराऐवजी लिहिलेलं अर्धं अनुनासिक : ङ्, ञ्, ण्, न्, म् पुढे आपापल्या वर्गातलं पहिल्या चारांपैकी व्यंजन असेल तर त्यांचा अनुस्वार, म्हणजे 'अनन्त' आणि 'अनंत' एक झाले. 'अन्न', 'जन्म', 'सन्मान' यांना हा नियम लागू होता कामा नये. पुढचं व्यंजन तपासल्याशिवाय बदल केलात तर हे शब्द मोडतील. शेवटी सगळे अनुस्वार काढा, आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या व उकार एक करा.

शेवटचे दोन नियम टोकाचे वाटतील, पण वाचनालयाच्या यादीत त्यांच्याशिवाय चालत नाही. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे. त्याआधी छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर 'कांहीं', 'नाहीं', 'कवि', 'बुद्धि' असंच आहे, आणि जुन्या ग्रंथपालांनी ते तसंच नोंदवलंय. आजचा वाचक 'काही' आणि 'कवी' टाइप करणार. किल्लीत दोन्ही एक होतात. दाखवताना मात्र मूळ शीर्षकच दाखवा, मुखपृष्ठावर छापलं तसं. शीटमधलं शीर्षक 'शुद्ध' करायला जाऊ नका. पुस्तकाचं नाव ही त्या काळाची खूण आहे.

लेखकांच्या नावांत आणखी दोन घोळ. आद्याक्षरांमधली जागा : 'वि.वा.' आणि 'वि. वा.'. किल्लीत टिंबं आणि आजूबाजूची जागा काढली की सुटलं. दुसरा टोपणनावांचा. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी : कविता एका नावाने, नाटकं दुसऱ्या. यासाठी नावांच्या जोड्यांचा एक वेगळा टॅब करा. चाळीस-पन्नास ओळींत बहुतेक गरज भागते, आणि ही यादी ताई तुमच्यापेक्षा लवकर आणि अचूक भरतील.

आकाराची काळजी नको. एका नोंदीत शीर्षक, लेखक, कपाट मिळून पन्नासेक चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. म्हणजे १४,२०० नोंदींचे सव्वादोन एमबीच्या आसपास, आणि संकुचित करून पाठवताना त्याचा चौथा-पाचवा हिस्सा. वाचकाने शोधपेटीत बोट ठेवल्यावरच ती फाइल मागवा. किल्ल्या फाइलीत भरू नका. ब्राउझरमध्येच तयार करा, साध्या फोनवरही फार वेळ लागत नाही.

---

शिरोरेषा

रंगरूपाबद्दल थोडंच, पण यातल्या चुका मराठी साइटींवर फार दिसतात.

पानाच्या मुळाशी भाषा 'एमआर', म्हणजे मराठीचा संकेत, लिहा. ती नसेल तर ब्राउझर पान हिंदी समजून भाषांतर देऊ करतो, आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकाला हिंदी उच्चारात यादी ऐकू येते. काही फॉन्टांत ल आणि श ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात. तीही भाषा सांगितली तरच दिसतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी मथळ्यांना शोभून दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर १.६ च्या खाली नको. 'र्कीं' सारख्या अक्षराचं डोकं वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतं. तिरकी अक्षरं टाळा, देवनागरी फॉन्टांत बहुधा ती नसतातच. ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरकं करतो. ठळक वापरा.

मजकुराला यंत्रातलाच फॉन्ट पुरतो : विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, आयफोनवर कोहिनूर. मथळ्यांसाठी वेगळा हवा असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टसंस्थेचा 'मुक्ता' मोफत आहे. एकच वजन घ्या आणि फाइल स्वतःच्या साइटवरून द्या. फॉन्ट छाटून लहान करणार असाल तर ०९०० ते ०९७एफ एवढ्यावर थांबू नका. २००सी, २००डी आणि रुपयाची खूण २०बी९ राहिली पाहिजे, आणि जोडाक्षरांचे नियम सांभाळून छाटायला हवं. अवजाराला 'सर्व मांडणी-वैशिष्ट्यं ठेव' असं स्पष्ट सांगितलं नाही तर फॉन्टमधल्या काही खास रूपांचे नियम गळू शकतात.

लेखकांची अकारविल्हे यादी साध्या क्रमाने लावलीत तर ळ लगेच ल च्या पाठीमागे येतो आणि क्ष क च्या पोटात शिरतो. जावास्क्रिप्टच्या तुलनेला 'एमआर' भाषा द्या.

पुस्तकाच्या किंवा पानाच्या पत्त्यात देवनागरी घालू नका. व्हॉट्सॲपवर चिकटवला की एकेका चिन्हाची नऊ-नऊ चिन्हं होतात. पाच अक्षरी नावाचा पत्ता दोन ओळी खातो. दाखल क्रमांक हाच पत्ता ठेवा.

कार्यक्रमांचे फोटो : फोनमधला चार एमबीचा फोटो १२०० पिक्सेल रुंद करून वेबपीमध्ये ७५ च्या दर्जाने जतन केला की बहुधा दोनशे केबीच्या आत बसतो. आयफोनचे एचईआयसी फोटो क्रोममध्ये दिसत नाहीत, आधी बदलून घ्या. फोटोत दडलेली जागेची माहिती काढून टाका, विशेषतः बालविभागाच्या फोटोंतली.

वेळापत्रक चित्रात देऊ नका. 'सोमवारी बंद' हे अक्षरांत लिहिलं तरच शोधयंत्राला कळतं.

---

किल्ल्यांचा_जुडगा

चौथा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, कोड नंतर.

डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या मेलवर, संस्थेच्या पैशाने. 'आत्ता माझ्या कार्डवरून भरतो, मग बघू' हे करू नका. स्वयंसेवक परगावी जातो, कार्डाची मुदत संपते, नूतनीकरणाचा मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जातो आणि नाव हातचं जातं. शक्य तेवढ्या जास्त वर्षांचे पैसे एकदम भरा. दरवर्षी मंडळापुढे विषय नेण्यापेक्षा सोपं पडतं.

वाचनालयाच्या नावाचं एक मेल खातं उघडा. गूगल शीट, गिटहबची संघटना, डोमेन, होस्टिंग सगळं त्यावर. दुहेरी पडताळणी लावा, पण ती फक्त तुमच्या फोनवर नको. परतीचे संकेत (फोन हरवला तर खात्यात शिरायला लागतात ते) छापून बंद पाकिटात कार्यवाहांकडे, वाचनालयाच्या कपाटात इतर दप्तराबरोबर. गिटहबवर तुमच्याशिवाय आणखी एक मालक हवा. तुमच्याकडे अधिकार राहू द्या, मालकी संस्थेची.

'डॉट भारत' डोमेन २०१४ पासून मिळतं आणि पाटीवर सुंदर दिसतं, पण मुख्य पत्ता म्हणून घेऊ नका. कॉपी केलं की 'एक्सएन' ने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात आणि अनेक फॉर्म तो मेल पत्ता स्वीकारत नाहीत. हवं तर दुसरा पत्ता म्हणून घ्या आणि मुख्य साइटकडे वळवा.

देणगीचा क्यूआर लावणार असाल तर तो संस्थेच्या चालू किंवा बचत खात्याचाच, कोणा पदाधिकाऱ्याच्या खात्याचा नाही. शेजारी अक्षरांत लिहा की पैसे पाठवताना अमुक नाव दिसलं पाहिजे. परदेशातले माजी सभासद विचारतील : भारतीय नागरिकाने परदेशातून आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय कार्ड असलं तरी, ठरते. विदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी नसेल तर अशी रक्कम घेऊ नका, हे पानावर ठळक लिहा. परदेशी कार्ड चालणारं पेमेंट बटण तर लावूच नका.

कोणाकडे कोणतं पुस्तक आहे हे साइटवर कधीही दाखवू नका. 'बाहेर गेले आहे' एवढंच पुरे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याच्याही आधी, माणूस काय वाचतो ही त्याची खासगी गोष्ट आहे.

शेवटचं : ताईंसाठी मराठीत एक पानाची चिठ्ठी. नवं पुस्तक कसं भरायचं, पुस्तक बाद झालं तर ओळ पुसायची नाही, शेऱ्यात 'बाद' लिहायचं. साइट बंद दिसली तर कोणती तीन ठिकाणं बघायची. ही चिठ्ठी ताईंच्या हातात देऊन तुम्ही गप्प बसा आणि त्यांना एक पुस्तक भरू द्या. जिथे त्या थांबतील तिथे चिठ्ठी अपुरी आहे.

---

सांजपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. डोमेन उद्याच संस्थेच्या मेलवर वळवायला घेतो.

जोडाक्षर, तुम्ही म्हणता तसे फॉन्टनुसार तुकडे करून परिवर्तन केलं. नऊ हजार ओळी झाल्या. आता त्या नोंदवहीशी एकेक करून ताडून बघणं शक्य नाही. चुका कुठे आहेत हे कसं शोधायचं? आणि बरेच वाचक फोनवर इंग्रजी अक्षरांत शोधतात, त्याचं काय?

---

जोडाक्षर

ताडून बघू नका, अशक्य अक्षरजुळण्या शोधा. मराठीत जे कधीच येत नाही ते यंत्राला सांगा : शब्दाच्या सुरुवातीला मात्रा किंवा वेलांटी, लागोपाठ दोन स्वरचिन्हं, हलन्तानंतर लगेच काना किंवा वेलांटी, शब्दाच्या शेवटी हलन्त, देवनागरी शब्दाच्या मधोमध इंग्रजी अक्षर. पडद्यावर गोल टिंबांचं वर्तुळ दिसतं ते यातल्याच बऱ्याच चुकांचं. या पाच नियमांत परिवर्तनातल्या बहुतेक चुका पकडल्या जातात. शब्दाच्या शेवटी हलन्त असलेले 'अर्थात्', 'श्रीमान्' असे काही खरे शब्द निघतील, ते वगळा.

दुसरी चाळणी : सगळ्या शीर्षकांतले शब्द वेगळे करून मोजा, आणि फक्त एकदाच आलेले शब्द वाचून काढा. 'इितहास' एकदा आलेला असतो, 'इतिहास' दोनशेदा. लेखकांची नावं एकदाच, अकारविल्हे छापून ताईंना द्या. जवळजवळची दोन रूपं एकाखाली एक येतात आणि त्यांना चूक लगेच दिसते.

तिसरी : उरलेल्यांतून यदृच्छेने २०० ओळी निवडा आणि त्या मात्र नोंदवहीशी अक्षरन्‌अक्षर ताडा. एकही चूक निघाली नाही तर एकूण चुका दीड टक्क्याच्या आत आहेत असं ९५ टक्के खात्रीने धरता येतं; ३ भागिले २००, एवढंच गणित. चुका निघाल्या तर त्या ओळी दुरुस्त करून पुढे जाऊ नका. चुकीचा प्रकार कोणता ते बघा, परिवर्तकात नियम घाला, सगळ्या ओळी पुन्हा त्यातून काढा आणि नव्या २०० निवडा. म्हणूनच परिवर्तित मजकुरावर हाताने दुरुस्त्या सुरू करायच्या नाहीत. नाहीतर पुन्हा परिवर्तन केलं की त्या सगळ्या वाया.

इंग्रजी अक्षरांतल्या शोधासाठी दुसरी किल्ली, फक्त व्यंजनांची. देवनागरीच्या प्रत्येक व्यंजनाला एक रोमन अक्षर द्या. ट, ठ, त, थ यांना एकच, ल आणि ळ यांना एकच, ण आणि न, तसंच स, श, ष. स्वर आणि ह सगळे गाळा. वाचकाच्या शब्दातूनही स्वर आणि एच गाळा. डब्ल्यू म्हणजे व्ही, झेड म्हणजे जे, एफ म्हणजे पी. लागोपाठ आलेलं तेच अक्षर एकदाच. 'वादळ' कोणी कसंही लिहिलं, एका ए ने, दोन ए ने, व्ही ने, डब्ल्यू ने, किल्ली एकच निघते. ज्ञ साठी दोन किल्ल्या ठेवा, कारण अर्धे लोक डीएनवाय लिहितात आणि अर्धे जीवाय. अनुस्वाराला एन द्या. पण प, फ, ब, भ, म यांच्या आधी एम. या किल्लीने भलत्याच नोंदीही सापडतात, म्हणून निदान तीन व्यंजनं असल्याशिवाय चालवू नका.

---

कोरा_कागद

एक पुरवणी. पुढेमागे मंडळ म्हणेल की देवघेवही संगणकावर करू, आणि कोहा किंवा एनआयसीचं ई-ग्रंथालय या ग्रंथालय-प्रणालींचं नाव निघेल. आत्ता त्यात पडू नका. कोहाला लिनक्स सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. पण शीटचे रकाने आजच मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाण आराखड्यातल्या क्षेत्रांशी जुळवून ठेवलेत तर तेव्हा पुन्हा टंकलेखन लागणार नाही. लेखक १००, शीर्षक २४५, प्रकाशक आणि वर्ष २६०, आयएसबीएन ०२०. दाखल क्रमांक कोहामध्ये ९५२ च्या पी उपक्षेत्रात बारकोड म्हणून जातो, आणि तिथे तो दोनदा आलेला चालत नाही. 'भाग १' आणि 'भाग २' शीर्षकाला चिकटवून लिहिले असतील तर त्यांचा रकाना आत्ताच वेगळा करा. चौदा हजार नोंदींत ते नंतर सोडवणं फार जड जातं.